कार्लोस डेल्गाडो हॉल ऑफ फेममध्ये हवा की नको? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७ डिसेंबर २०२५ ला ऑरलँडोत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी सोळा जणांची समिती बसली आणि कार्लोस डेल्गाडोला नऊ मतं पडली. लागतात बारा. तेव्हापासून इथल्या, म्हणजे टोरोंटोच्या, मराठी गोतावळ्यातून मला तेच तेच प्रश्न येतायत. ज्यांची पोरं शनिवारी सकाळी ग्लोव्ह घेऊन मैदानावर जातात ते आईबाप तर हमखास विचारतात. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो. मी निःपक्षपाती नाही, हेही आधीच सांगतो. या देशात आल्यावर मला नावानिशी ओळखता आलेला पहिला बेसबॉलपटू हाच.

हा डेल्गाडो नक्की कोण?

पोर्तो रिकोतल्या आग्वादियाचा, जन्म १९७२ चा. सोळाव्या वर्षी टोरोंटो ब्लू जेजनी करारबद्ध केला. आला तो कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) म्हणून. १९९४ मध्ये त्याला लेफ्ट फील्डमध्ये उभं करून पाहिलं, आणि शेवटी फर्स्ट बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावर, तो स्थिरावला. डावखुरा बॅटर, फेकायचा मात्र उजव्या हाताने. २००४ पर्यंत टोरोंटो, २००५ चा एक हंगाम फ्लोरिडा मार्लिन्स, मग न्यूयॉर्क मेट्स. एकूण ४७३ होमरन (चेंडू कुंपणापार, आपल्या षटकारासारखा), १५१२ आरबीआय.

(आरबीआय म्हणजे रिझर्व्ह बँक नव्हे. आपल्या फटक्यावर जेवढे धावपटू घरी, म्हणजे शेवटच्या थांब्यावर धाव पूर्ण करून, पोचले तेवढे आरबीआय. हा विनोद मी पंचवीस वर्षं ऐकतोय, कृपया आता पुरे.)

हॉल ऑफ फेममध्ये कोण घेतं? अर्ज करायचा असतो का?

अर्ज नाही, शिफारसपत्र नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊन नावाच्या छोट्या गावात हे संग्रहालय आहे. निवड झाली की तुमच्या चेहऱ्याची ब्राँझची पाटी तिथल्या भिंतीवर लागते. आत जायला दोन दारं आहेत.

पुढचं दार बेसबॉल लेखकांच्या संघटनेचं. दहा वर्षं सदस्य असलेले पत्रकार मत देतात. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचं, मग नाव मतपत्रिकेवर येतं. ७५ टक्के मतं मिळाली तर आत. ५ टक्क्यांच्या खाली गेलात तर पहिल्याच वर्षी बाहेर, कायमचे. मधल्या मधे लटकणाऱ्याला पूर्वी पंधरा वर्षं मिळत, २०१४ पासून दहाच मिळतात. आणि एका मतदाराला एका वर्षी जास्तीत जास्त दहाच नावं लिहिता येतात. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं येऊन थांबणार आहे.

मागचं दार समितीचं. लेखकांच्या चाळणीतून गळालेल्यांचा दर काही वर्षांनी सोळा जण पुन्हा विचार करतात. त्यात जुने खेळाडू, संघांचे अधिकारी, इतिहासाचे जाणकार असतात.

४७३ होमरन म्हणजे बरेच, की बेताचेच?

बरेच. स्टॅन म्युझियल आणि विली स्टार्जेल या दोन थोर माणसांचे प्रत्येकी ४७५ आहेत. डेल्गाडो त्यांच्या दोन पावलं मागे.

पण मला एकूण बेरजेपेक्षा सातत्य मोठं वाटतं. १९९७ ते २००६, सलग दहा हंगाम, एकदाही तिसाच्या खाली नाही: ३०, ३८, ४४, ४१, ३९, ३३, ४२, ३२, ३३, ३८. २००७ मध्ये २४ वर घसरला, लोकांनी ‘संपला’ म्हटलं, आणि २००८ मध्ये छत्तिसाव्या वर्षी पुन्हा ३८.

शिवाय हा नुसता आंधळी बॅट फिरवणारा नव्हता. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडले की पहिला बेस फुकट मिळतो. हे सोडणं क्रिकेटमधल्या ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडण्याइतकंच अवघड आहे, कारण निर्णयाला अर्धा सेकंदही नसतो. डेल्गाडोने कारकिर्दीत हजारावर वेळा असा बेस घेतला. त्याची सरासरी .२८० (हजार संधींत २८० यशस्वी फटके), पण बेसवर पोचण्याचं प्रमाण .३८३. स्लगिंग, म्हणजे फटक्यांच्या ताकदीचं माप, .५४६. सगळ्यात उंच हंगाम २००० चा: १६२ च्या १६२ सामने, .३४४ सरासरी, ४१ होमरन, ५७ डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके), १३७ आरबीआय.

मग २०१५ मध्ये त्याला पाच टक्केसुद्धा का मिळाले नाहीत?

हा खरा प्रश्न.

२०१५ ला नाव पहिल्यांदा मतपत्रिकेवर आलं. ५४९ जणांनी मत दिलं, त्यात डेल्गाडोला २१. म्हणजे ३.८ टक्के. टिकून राहायला २८ लागत होती. सात मतं कमी पडली आणि ४७३ होमरनची कारकीर्द एका दुपारी निकालात निघाली.

आता त्या वर्षीच्या मतपत्रिकेवर आणखी कोण होतं ते बघा. रँडी जॉन्सन, पेद्रो मार्टिनेझ, जॉन स्मोल्ट्झ, क्रेग बिजिओ हे चौघे त्याच वर्षी आत गेले. माइक पिआझा पुढच्या वर्षी. जेफ बॅगवेल आणि टिम रेन्स २०१७ ला. अ‍ॅलन ट्रॅमेल, ली स्मिथ, एडगर मार्टिनेझ, माइक मुसिना, लॅरी वॉकर, फ्रेड मॅकग्रिफ हे त्यानंतर. आणि आता डिसेंबर २०२५ ला जेफ केंट. मोजा. एकाच मतपत्रिकेवरची चौदा माणसं आज हॉलमध्ये आहेत. शिवाय बॅरी बाँड्स, रॉजर क्लेमेन्स, कर्ट शिलिंग, सॅमी सोसा, मार्क मॅकग्वायर, गॅरी शेफील्ड हेही त्याच कागदावर होते. त्यांची बाजू घेणारे मतदार काही कमी नव्हते.

मतदाराकडे जागा दहा. पाहुणे वीस आणि पानं दहाच मांडलेली, असा प्रकार. अशा वेळी पंगतीत अकरावा, बारावा येणारा माणूस वाईट नसतो, त्याला फक्त ताट नसतं. कित्येक मतदारांच्या मनात डेल्गाडो अकरावा किंवा बारावा असणार, असं मी मानतो. पण ‘अकरावा’ हे मत मोजलं जात नाही, शून्य मोजलं जातं. त्याच वर्षी नोमार गार्सियापाराला ३० मतं मिळाली आणि तो दुसऱ्या वर्षापर्यंत टिकला. नऊ मतांचा फरक. या दोघांच्या कारकिर्दीत नऊ मतांचा फरक कुठल्या बाजूला हवा होता, ते आकडे उघडून तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे हे दुखणं नवीन नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. निदान त्यांना २०१७ मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव तरी मिळाला. मुंबईच्या कोणत्याही जुन्या क्रिकेटवाल्यासमोर पॅडीचं नाव काढून पाहा, चहा थंड होईपर्यंत तो बोलेल. टोरोंटोत डेल्गाडोचं तसंच आहे.

त्याचा सर्वांत मोठा दिवस कोणता?

२५ सप्टेंबर २००३, गुरुवार. स्कायडोममध्ये टँपा बेविरुद्ध सामना. हंगामाचा शेवट, ब्लू जेज कधीच शर्यतीबाहेर, स्टेडियम अर्ध्याहून जास्त रिकामं. डेल्गाडोला सर्दीतापाने बेजार केलेलं. चार वेळा बॅटिंगला आला, चारही वेळा होमरन. पहिला कारकिर्दीतला ३०० वा होता. तोवर एका सामन्यात चार होमरन मारणारे जे होते, त्यांतल्या कुणालाही ते फक्त चार फेऱ्यांत जमलं नव्हतं. जेज १०-८ ने जिंकले.

मी कुठे होतो? घरी. सर्वपित्री अमावास्या होती, पानं मांडून झाली होती आणि स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ ‘आता जेवताना तरी बंद कर’ या हुकमावरून तिसऱ्या होमरननंतर बंद झाला. चौथा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात वाचला. खीर छान झाली होती, एवढंच म्हणतो.

त्या वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला नव्हता का?

दुसरा आला. ४२ होमरन, १४५ आरबीआय, आणि तरी अमेरिकन लीगचा (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा किताब, टेक्सासच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला मिळाला. टेक्सास त्या वर्षी आपल्या गटात तळाला होतं. इथपर्यंत ठीक आहे, रॉड्रिगेझ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होता आणि ती जागा फर्स्ट बेसपेक्षा कितीतरी अवघड. पण फेब्रुवारी २००९ मध्ये रॉड्रिगेझने स्वतःच कबूल केलं की २००१ ते २००३ या टेक्सासच्या वर्षांत तो बंदी असलेली द्रव्यं घेत होता.

ट्रॉफी परत मागितली जात नाही, तसा नियमही नाही. पण २०१५ ला मत देणाऱ्या पत्रकारासमोर ‘एमव्हीपी: एकदा’ असं लिहिलेलं असतं तर? ज्याच्या नावापुढे एमव्हीपी असतो त्याच्याकडे माणूस दुसऱ्यांदा वळून बघतो. डेल्गाडोच्या नावापुढे फक्त दोन ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठीच्या) निवडी दिसतात. त्या काळात अमेरिकन लीगमध्ये फर्स्ट बेसवर जेसन जिआंबी, जिम थोमी, माइक स्वीनी अशी रांग लागली होती, हे त्या ओळीत दिसत नाही.

उत्तेजकांचा डाग त्याच्यावर आहे का?

नाही. बेसबॉलमधल्या उत्तेजकांवरच्या २००७ च्या मिचेल अहवालात नाव नाही, चाचणीत सापडला नाही.

आकडेवाले लोक म्हणतात त्याचा ‘वॉर’ कमी आहे. हे काय आहे?

विरोधकांचा सगळ्यात सबळ मुद्दा हाच आहे, तेव्हा तो नीट मांडतो.

वॉर म्हणजे एखाद्या सर्वसाधारण पर्यायी खेळाडूपेक्षा या माणसाने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, त्याचा अंदाज. बॅटिंग, धावणं, क्षेत्ररक्षण, जागेची अवघडता, सगळं एका आकड्यात. डेल्गाडोचा आहे ४४ च्या आसपास. हॉलमधल्या फर्स्ट बेसवाल्यांची सरासरी साठीच्या बरीच पुढे जाते. म्हणजे तो मागे आहे, आणि थोडाथोडका नाही.

का मागे? चार कारणं, आणि चारही खरी आहेत. फर्स्ट बेस ही सर्वांत सोपी जागा मानली जाते, म्हणून तिथे उभं राहण्याचेच गुण कापले जातात. तो क्षेत्ररक्षक म्हणून बेताचा होता. मी त्याचा भक्त असलो तरी त्याला उजवीकडे झेपावताना पाहिलंय, ते दृश्य फार देखणं नव्हतं. पाय जड होते. आणि होमरनच्या भरभराटीच्या काळात खेळला, जेव्हा सगळेच होमरन मारत होते, त्यामुळे त्याचे आकडे त्या काळाच्या मापाने थोडे आटतात. तरीसुद्धा बॅटिंग तेवढी वेगळी काढून, काळ आणि मैदानं दोन्ही धरून मोजली तर तो सरासरी बॅटरपेक्षा ३८ टक्के वरचढ निघतो.

माझं म्हणणं इतकंच की वॉर हा कारकिर्दीच्या लांबीलाही बक्षीस देतो, आणि याची कारकीर्द कापली गेली. २००८ ला ३८ होमरन, पुढच्या मेमध्ये कंबरेच्या सांध्याने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली. २००९ मध्ये फक्त २६ सामने. २०१० ला बॉस्टनच्या मायनर लीग (दुय्यम फळीच्या) संघातून पुन्हा उभं राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एप्रिल २०११ मध्ये निवृत्ती. पाचशेला सत्तावीस कमी. धडधाकट कंबरेचे आणखी दीड हंगाम मिळाले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, कारण पाचशेचा टप्पा गाठलेला आणि अंगावर डाग नसलेला माणूस बाहेर राहत नाही.

फ्रेड मॅकग्रिफ आत आहे. मग हा का नाही?

चांगला प्रश्न, आणि माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. मॅकग्रिफही फर्स्ट बेसवाला, तोही टोरोंटोत घडलेला. त्याचे ४९३ होमरन २४६० सामन्यांत. डेल्गाडोचे ४७३ त्याच्याहून चारशेच्या वर कमी सामन्यांत. बेसवर पोचणं: मॅकग्रिफ .३७७, डेल्गाडो .३८३. स्लगिंग: .५०९ आणि .५४६. मॅकग्रिफ जास्त वर्षं टिकला, १९९५ ला अटलांटाकडून वर्ल्ड सिरीज (हंगामाचं अंतिम विजेतेपद) जिंकला, या त्याच्या जमेच्या बाजू. पण डिसेंबर २०२२ ला समितीने त्याला सोळापैकी सोळा मतं दिली. एकाला सोळा आणि दुसऱ्याला नऊ, एवढी दरी या दोघांच्या बॅटमध्ये मला दिसत नाही.

हॅरोल्ड बेन्सचं उदाहरण लोक देतात, मी टाळतो. ३८४ होमरनवाल्या बेन्सला लेखकांनी कधी सात टक्केही दिले नाहीत आणि २०१८ ला समितीने बरोबर बारा मतांनी आत घेतलं. ‘तो आला तर हा का नाही’ असं म्हणत गेलं तर दार कुठे थांबवायचं?

मोठ्या सामन्यांत तो चालला का?

चालायला मोठे सामने तर मिळायला हवेत. १९९३ च्या विजेतेपदानंतर ब्लू जेज २०१५ पर्यंत प्लेऑफमध्ये, म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत, पोचलेच नाहीत. डेल्गाडोची टोरोंटोतली सगळी भरभराट त्याच दुष्काळात गेली. आयुष्यात एकच ऑक्टोबर मिळाला, २००६ चा, मेट्सकडून. दहा सामन्यांत .३५१, चार होमरन, ११ आरबीआय.

आणि तो ऑक्टोबर कसा संपला पाहा. शे स्टेडियम, १९ ऑक्टोबर, सेंट लुईसविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. नववी, शेवटची इनिंग, मेट्स १-३ ने मागे, दोन बाद (तिसरा गेला की डाव संपला), तिन्ही बेस भरलेले. बॅटिंगला कार्लोस बेल्ट्रान. अ‍ॅडम वेनराइटचा कर्व्हबॉल वरून खाली कोसळला, बेल्ट्रानची बॅट खांद्यावरच राहिली. स्ट्राइक तीन, म्हणजे बाद. खेळ खलास. तो चेंडू अजून न्यूयॉर्कवाल्यांच्या स्वप्नात येतो. कॅमेरा बेल्ट्रानवर होता. पुढचा बॅटर ऑन-डेक वर्तुळात उभा होता, आणि त्या ऑक्टोबरमधला मेट्सचा सर्वांत तापलेला बॅटर तोच. डेल्गाडो.

ते राष्ट्रगीताला उभं न राहण्याचं प्रकरण काय होतं?

राष्ट्रगीत नव्हे, ही चूक सगळेच करतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर सातव्या इनिंगच्या विश्रांतीत ‘गॉड ब्लेस अमेरिका’ वाजवायची प्रथा पडली. इराक युद्धाचा निषेध म्हणून २००४ मध्ये डेल्गाडो ते गाणं लागलं की मैदानावर थांबत नसे, डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर) राहत असे. आरडाओरडा नाही, पत्रकार परिषद नाही. बातमी फुटल्यावर यांकी स्टेडियममध्ये त्याची हुर्यो उडवली गेली.

हे अचानक सुचलेलं नव्हतं. पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर अमेरिकन नौदल कित्येक दशकं बाँबफेकीचा सराव करत होतं. १९९९ मध्ये तिथला एक सुरक्षारक्षक त्यात मेला. डेल्गाडो त्या आंदोलनात उतरला होता, पदरचे पैसे घातले होते. २००३ मध्ये तो सराव थांबला. मेट्समध्ये आल्यावर संघाचा नियम मानून तो गाण्याला उभा राहू लागला, यावरूनही काहींनी त्याला बोल लावला. म्हणजे दोन्हीकडून.

यामुळे मतं गेली का? २१ मतांचा हिशेब दहाच्या मर्यादेनेच पुरेसा लागतो, त्यात कट शोधायची गरज मला वाटत नाही.

वहीची गोष्ट खरी आहे का?

अगदी. प्रत्येक बॅटिंगनंतर हा डगआउटच्या बाकावर बसून वहीत लिहायचा: पिचर (चेंडू टाकणारा) कोण, कोणता चेंडू कुठे टाकला, आपण काय केलं. हेल्मेट काढलं की आधी पेन. टीव्हीवर बाकीचे सूर्यफुलाच्या बिया थुंकताना दिसायचे आणि कोपऱ्यात हा एकटा धडा उतरवून घेतोय. माझ्या मुलाला मी हे दाखवून अभ्यासाचं महत्त्व सांगायला गेलो, तर त्याने मलाच विचारलं, ‘बाबा, मग तो आउट का होतो?’

पोर्तो रिकोवाल्यांना त्याचं एवढं का?

बेटावर जन्मलेल्यांत सर्वांत जास्त होमरन त्याचे. ओर्लांडो सेपेडाचे ३७९, तो हॉलमध्ये आहे. आणि मग रोबेर्तो क्लेमेंटे, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना १९७२ च्या शेवटच्या दिवशी विमान कोसळून गेला तो. क्लेमेंटेचा आकडा २१. डेल्गाडोने मेट्समध्ये आल्यावर त्याच्या आदराखातर २१ घेतला, आणि त्याच २००६ साली समाजकार्यासाठीचा रोबेर्तो क्लेमेंटे पुरस्कारही त्याला मिळाला.

निवड झालीच तर पाटीवरच्या चेहऱ्याला टोपी कुठल्या संघाची?

ब्लू जेज. ३३६ होमरन तिथले, संघाचा विक्रम. चर्चेला जागा नाही.

आता पुढची संधी कधी?

डिसेंबर २०२८. आणि या वेळी वारा थोडा बाजूने आहे. नव्या नियमानुसार समितीत पाचपेक्षा कमी मतं मिळालेल्याला पुढच्या फेरीत येता येत नाही. बाँड्स, क्लेमेन्स, शेफील्ड आणि फर्नांडो व्हालेन्झुएला या चौघांचं तसं झालंय. केंट आत गेला. डॉन मॅटिंगली आणि डेल मर्फीला सहा-सहा मतं होती. म्हणजे २०२५ च्या यादीतल्या उरलेल्यांत सर्वांत पुढे डेल्गाडो. नवी नावं येतील, समितीतली माणसंही बदलतील, त्यामुळे नवाचे बारा आपोआप होत नाहीत. पण २०१५ ला त्याला नडली ती गर्दी, आणि ती आता ओसरतेय.

थोडक्यात, हो की नाही?

हो. पण ‘काठावर हो’. रँडी जॉन्सनच्या पंक्तीतला तो नाही, आणि तसं सांगणाऱ्या टोरोंटोकरांवर विश्वास ठेवू नका. मात्र मॅकग्रिफ जिथे बसलाय तिथे तो बसू शकतो. आणि नाहीच घ्यायचा, तर दहा वर्षं मतपत्रिकेवर ठेवून, वाद घालून, मग नाही म्हणा. त्याला एक वर्ष मिळालं, तेही चौदा भावी मानकऱ्यांच्या गर्दीत.

तोवर त्याचं नाव कुठे बघायला मिळेल?

कूपर्सटाऊन टोरोंटोहून गाडीने साधारण साडेपाच-सहा तास, सीमेवरच्या रांगेचा वेळ वेगळा. पण त्यासाठी एवढं लांब जायला नको. स्कायडोमला आता रॉजर्स सेंटर म्हणतात. आत गेलात की वर नजर टाका, संघाच्या मानकऱ्यांची नावं वरच्या मजल्याच्या कठड्यावर लावलीयत. त्याचं २०१३ मध्ये लागलं. स्वस्तातलं तिकीट काढलंत तर समोरच दिसतं.